फुलांची साक्ष

माणूस गेला की त्याच्या देहावर फुले वाहावी, ही रीत इतकी सर्वत्र आढळते की तिचे कारण सहसा कोणी विचारीत नाही. तिरडीवर झेंडूच्या माळा असतात, शवपेटीवर पुष्पचक्र असते, कबरीवर गुलाबांची चादर असते. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, अंत्यविधीही वेगळे. परंतु जाणाऱ्याला रित्या हाताने निरोप देऊ नये ही भावना सगळीकडे सारखीच. ती मनुष्याच्या मनात प्रथम केव्हा उपजली असावी? ग्रंथांतून याचे उत्तर मिळण्यासारखे नाही, कारण लेखनकला जेमतेम पाच हजार वर्षांची आहे. उत्तर शोधावयाचे तर मातीकडेच जावे लागते. आणि मातीची अडचण अशी की, ती दगड राखते, हाड राखते, फूल मात्र सहसा राखीत नाही.

कुजणे हा वनस्पतीचा धर्मच आहे. ओल, हवा आणि डोळ्यांना न दिसणारे जीवाणू ही तिन्ही एकत्र आली की पान, फूल, दोरा, लाकूड यांचे पाहता पाहता खत होते. या तिहींपैकी एकाचे जरी काही कारणाने चालेनासे झाले, तरच वनस्पती टिकते. ज्या दाण्याला विस्तवाची आच लागून त्याचा कोळसा झाला, त्यात जीवाणूंना खाण्याजोगे काही उरत नाही. म्हणून जळालेला दाणा हजारो वर्षे आकार राखून राहतो. जेथे ओल मुळीच नाही तेथे गवताची काडीही वाळून जशीच्या तशी राहते. तांब्यासारख्या धातूशी सतत संपर्क राहिला, तर त्या धातूचे क्षार धाग्यात मुरतात आणि जीवाणूंना ते विषासारखे ठरतात. चौथा प्रकार ओल्या मातीवर उमटलेल्या ठशाचा. तेथे वनस्पती नाहीशी होते, पण तिची आकृती उरते.

गुहा हे या बाबतीत एक मोठे कोठार ठरते. बाहेर ऊन, पाऊस, थंडी यांचा खेळ चाललेला असतो; आत हवामानाची स्थिती वर्षानुवर्षे जवळजवळ सारखी राहते. प्राचीन मनुष्याने आपले मृत अनेक ठिकाणी गुहांतच ठेवले. त्यामुळे मृताबरोबर ठेवलेल्या वस्तूंचा मागमूस लागण्याची शक्यता जर कोठे असेल, तर ती अशा दफनगुहांतच अधिक असते.

स्पेनच्या दक्षिणेस, ग्रानादा प्रांतात आल्बुन्योल या गावाजवळ ‘वटवाघळांची गुहा’ या नावाने ओळखली जाणारी एक गुहा आहे. तिची अरुंद रचना आणि तीतून वाहणारा कोरडा वारा यांमुळे आत ओलीला थारा नाही. १८५७ साली खनिजाच्या शोधात आलेल्या कामगारांना तेथे वाळून गेलेले अनेक मृतदेह आढळले, आणि त्यांच्याजवळ एस्पार्टो नावाच्या चिवट गवताच्या विणलेल्या टोपल्या, पिशव्या आणि पायताणे होती. काही टोपल्यांत अफूची बोंडेही होती. कामगारांना हवे होते खनिज. त्यांनी देह बाजूला सारले, वस्तू विखुरल्या, पुष्कळशा नाहीशा झाल्या. मान्वेल दे गोंगोरा या विद्वानाने नंतर माणसांना विचारून विचारून जे जमवता आले ते जमवले आणि १८६८ साली प्रसिद्ध केले. त्या गवताच्या वस्तूंचे पद्धतशीर कालमापन होऊन २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांतील काही टोपल्या सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या असल्याचे दिसून आले. त्या विणणाऱ्यांना शेती ठाऊक नव्हती, मडके ठाऊक नव्हते. विणकाम मात्र असे होते की, आजच्या बुरुडानेही ते कौतुकाने हातात घ्यावे.

धातूमुळे धागा टिकल्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. प्रवरेच्या काठी नेवासे येथे डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९५४ पासून जे उत्खनन केले, त्यात ताम्रपाषाण युगातील लहान मुलांची दफने मिळाली. त्यांतील एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांच्या छिद्रांत दोऱ्याचे अवशेष शिल्लक होते. हे तंतू कापसाचे आणि रेशमाचे असल्याचा निष्कर्ष १९६१ साली प्रसिद्ध झाला. नेवाशाचे हे दफन गुहेतले नव्हे. परंतु तत्त्व तेच आहे. ज्या आईने ती माळ ओवली असेल, तिचे नाव-गाव काही उरले नाही. तिच्या हातचा दोरा तेवढा तांब्याने जपून ठेवला.

टोपली आणि दोरा ही मनुष्याच्या हातची कामे आहेत. ती तेथे कोणी ठेवली हे विचारावे लागत नाही. फुलाची गोष्ट अशी सरळ नाही. फूल गळते, वाऱ्याने उडते, पाण्याने वाहते, प्राणी ते तोंडात धरून नेतात. मृताजवळ फुलाचा अंश मिळाला, तर ते कोणी वाहिले की आपोआप आले, हा प्रश्न उभा राहतोच. या प्रश्नाचा गेल्या सहा दशकांतील सर्वांत गाजलेला वाद इराकमधील शानिदार या गुहेभोवती झाला, आणि तो मुळापासून पाहण्यासारखा आहे.

इराकच्या उत्तरेस कुर्दिस्तानात झाग्रोस पर्वताच्या रांगेत, मोठ्या झाब नदीच्या खोऱ्यावर ही गुहा आहे. तिचे तोंड सुमारे पंचवीस मीटर रुंद आणि आठ मीटर उंच आहे. हिवाळ्यात कुर्दी पशुपालकांची कुटुंबे आपल्या गुराढोरांसह तेथे आश्रयाला राहात असत. अमेरिकेतील पुरातत्त्वज्ञ राल्फ सोलेकी यांनी १९५१ पासून १९६० पर्यंत या गुहेत उत्खनन केले. चौदा मीटर खोल जाणाऱ्या त्या चरातून निअँडरथल जातीच्या दहा व्यक्तींचे अवशेष निघाले.

निअँडरथल हा आपला पूर्वज म्हणण्यापेक्षा चुलत भाऊबंद म्हणणे अधिक योग्य. युरोपात व पश्चिम आशियात तो लाखो वर्षे नांदला आणि सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच शास्त्रज्ञ मार्सेलाँ बूल यांनी त्याचे जे वर्णन केले, त्यावरून वाकलेल्या पाठीचा, मंद बुद्धीचा, पशूहून थोडासाच वरचा असा प्राणी लोकांच्या मनात ठसला. शानिदारने या चित्राला पहिला मोठा धक्का दिला. तेथील एका पुरुषाचा उजवा हात वाळलेला होता आणि कोपराच्या खालचा भाग नव्हता. डाव्या डोळ्याजवळ जबर मार लागल्याची खूण होती. पुढे झालेल्या अभ्यासात त्याला ऐकूही फारच कमी येत असावे असे आढळले. तरीही तो चाळिशीपर्यंत जगला. असा मनुष्य शिकारी टोळीत एकटा कसा जगणार? त्याला कोणीतरी जगविले, हे उघड होते.

यानंतर १९६० साली चौथा सांगाडा सापडला. एक प्रौढ पुरुष, डाव्या कुशीवर, पाय पोटाशी घेऊन निजलेला. हाडे फारच ठिसूळ होती म्हणून सभोवतालच्या मातीसकट त्याचा ठोकळा कापून प्लास्टरमध्ये बसविण्यात आला आणि तो बगदादला नेण्यात आला. तेथे उघडून पाहता त्याच ठोकळ्यात आणखी दोन प्रौढांची आणि एका अर्भकाची हाडे निघाली. सोलेकी यांनी त्या जागेवरील मातीचे काही नमुने घेऊन ठेवले होते. हाडे तर सर्वांनाच हवी असतात. मूठभर माती जपून ठेवण्यात त्यांची दूरदृष्टी होती. ते नमुने पॅरिसला आर्लेत लरवा-गुराँ या परागशास्त्रज्ञ विदुषींकडे गेले.

परागकण म्हणजे फुलातील पिवळसर धूळ. डोळ्यांना ती नुसती धूळ दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र प्रत्येक वनस्पतीचा कण आपापले नक्षीकाम घेऊन उभा राहतो. एखादा काटेरी, एखादा जाळीदार, एखाद्याला तीन चिरा, एखाद्याला गोल छिद्रे. या कणाचे बाहेरील कवच ज्या द्रव्याचे असते, त्याच्याइतका चिवट पदार्थ वनस्पतीच्या देहात दुसरा नाही. म्हणूनच मातीतून पराग वेगळे काढण्याची रीत मोठी कठोर असते. एका आम्लाने चुना विरघळवावयाचा, दुसऱ्या तीव्र आम्लाने वाळू विरघळवावयाची, मग उरलेला सेंद्रिय गाळ नाहीसा करावयाचा. एवढ्या दिव्यातून जे शिल्लक राहते ते पराग. पाकळी चार दिवसांत जाते आणि पराग हजारो वर्षे राहतो.

त्या नमुन्यांत लरवा-गुराँ यांना जे दिसले ते अपेक्षेबाहेरचे होते. गुहेच्या मातीत वाऱ्याने आलेले सुटे पराग सर्वत्र सापडतात. येथे मात्र काही नमुन्यांत परागांचे पुंजके होते, जणू पुंकेसराच्या कोशातून ते अजून सुटलेच नव्हते. त्यांत यारो, काटेरी बोंडाची पिवळी सेंटॉरिया, सेनेसिओ, द्राक्षांच्या घोसासारखी निळी फुले धरणारी मस्कारी, गुलखैऱ्याच्या कुळातील एक झाड, आणि एफिड्राचे झुडूप यांची ओळख पटली. वारा असे पुंजके गुहेत इतक्या आत आणू शकत नाही, असे त्यांचे मत पडले. उन्हाळ्याच्या तोंडी कोणीतरी डोंगरउतारावरून फुले खुडून आणली आणि त्यांवर मृताला निजविले, असा निष्कर्ष पुढे आला. सोलेकी यांनी १९७१ साली या गुहेवर ग्रंथ लिहिला. १९७५ साली दोघांचेही लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. यांतील बहुतेक झाडे औषधी आहेत असे ध्यानात आल्यावर, तो मृत पुरुष टोळीचा वैद्य असावा, अशीही कल्पना निघाली.

या वार्तेने जगाला मोहिनी घातली यात नवल नाही. ज्याला आजवर पशू समजले तो साठ-सत्तर हजार वर्षांपूर्वी फुले वेचीत होता! पाठ्यपुस्तकांत, संग्रहालयांत, कथा-कादंबऱ्यांत ते दृश्य जाऊन बसले. परंतु शास्त्राची एक रीत आहे. जी गोष्ट सर्वांना खरी असावीशी वाटते, तिचीच तपासणी अधिक कसून करावी लागते.

पहिली शंका उत्खननाच्या नोंदींतूनच निघाली. त्या जागी उंदरांसारख्या प्राण्यांची बिळे होती, हे स्वतः सोलेकी यांनीच लिहून ठेवले होते. इराणी जर्ड या नावाचा एक छोटा कुरतडणारा प्राणी त्या प्रदेशात राहतो आणि बिळात फुलांचे तुरे व बिया यांचा साठा करतो. १९९९ साली जेफ्री सॉमर यांनी असे मांडले की, ती फुले या प्राण्याने आपल्या बेगमीसाठी नेलेली असावीत. म्हणजे ज्याला आपण पुष्पांजली समजत होतो, ते एखाद्या उंदराचे कोठार असू शकेल.

पुढचे पाऊल गुहेतच टाकावे लागले. कुर्दिस्तानच्या प्रादेशिक सरकारच्या निमंत्रणावरून केंब्रिजचे ग्रॅएम बार्कर यांच्या नेतृत्वाखाली २०१४ साली तेथे नव्याने काम सुरू झाले. युद्धाच्या सावटामुळे ते थांबले आणि पुढील वर्षी पुन्हा सुरू झाले. त्या पथकातील परागतज्ज्ञ ख्रिस हंट यांनी प्रथम एक साधा प्रश्न विचारला: आज या गुहेच्या जमिनीवर पराग कसे येतात? वारा किती आणतो, जनावरांच्या पायांबरोबर किती येतात, हे मोजल्याशिवाय प्राचीन परागांवरून काही सांगणे धाडसाचे होते. हे मोजमाप करून, आणि जुन्या नमुन्यांच्या नोंदी पुन्हा वाचून, २०२३ साली हंट व त्यांचे सहकारी अशा मतावर आले की, काही पुंजक्यांत एकाहून अधिक जातींचे पराग मिसळलेले आहेत. एका फुलाच्या कोशात दुसऱ्या जातीचा पराग असण्याचे कारण नाही. तेव्हा हे पुंजके अख्ख्या फुलांचे दिसत नाहीत. निरनिराळ्या फुलांवरून पराग गोळा करून त्याचा गोळा करणारा कारागीर निसर्गात एकच आहे, आणि तो म्हणजे मधमाशी. पोळे न बांधता जमिनीत एकेकटे बीळ करून राहणाऱ्या मधमाश्यांची घरटी त्या गुहेच्या जमिनीत आजही आढळतात. जुन्या मातीतही तशा बिळांच्या खुणा मिळाल्या. अशा माश्या आपल्या पिलांसाठी बिळात परागांचे गोळे ठेवतात. फुले वाहणारे हात माणसाचे होते की माशीचे पाय होते, हा वाद आता बराचसा माशीच्या बाजूला झुकला आहे.

ही गोष्ट ऐकून मन थोडे खट्टू होणे स्वाभाविक आहे. परंतु एवढ्यावरून सर्वच प्राचीन पुष्पांजली खोट्या ठरत नाहीत. इस्रायलमधील कार्मेल पर्वतात राकेफेत नावाची दफनगुहा आहे. तेथे नातुफी संस्कृतीच्या लोकांनी आपले मृत पुरले. दानी नादेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सुमारे साडेतेरा ते साडेअकरा हजार वर्षांपूर्वीच्या काही थडग्यांना आतून मातीचा पातळ गिलावा दिलेला होता आणि त्या गिलाव्यावर वनस्पतींच्या देठांचे व फुलांचे ठसे उमटले होते. त्यांत सुगंधी सेज वनस्पतीची ओळख पटली. ठसा ओल्या मातीवरच उमटतो; माती सुकल्यावर आलेल्या उंदराला किंवा माशीला तो उमटविता येत नाही. कोणीतरी खड्डा खणला, तो लिंपला, आणि लिंपण ओले आहे तोवर त्यात हिरवी-फुललेली डहाळी अंथरली, एवढे त्या ठशावरून खात्रीने म्हणता येते. शानिदारात फुलाचा अंश होता पण तो कोणी आणला ते कळत नव्हते. राकेफेतमध्ये फुलाचा अंशही उरला नाही, पण आणणारा कोण ते कळते. साक्षीदार उपस्थित असणे वेगळे आणि त्याची साक्ष विश्वसनीय असणे वेगळे, हा न्यायालयातील नियम पुरातत्त्वालाही तितकाच लागू आहे.

मग शानिदारच्या त्या मृतांचे काय? २०१८ साली, चौथ्या सांगाड्याच्या जागेला अगदी लागूनच, बार्कर यांच्या पथकाला आणखी एका व्यक्तीचा चेपलेला कवटीचा भाग व धडाचा वरचा भाग मिळाला. एमा पॉमरॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. काळ सत्तर हजार वर्षांहून जुना, आणि डावा हात डोक्याखाली घेतलेला, झोपलेल्या माणसासारखा. एकाच कोपऱ्यात, एका मोठ्या शिळेच्या आडोशाला, इतके देह एकमेकांशेजारी येणे योगायोगाचे वाटत नाही. आपल्या मृतांना घेऊन ते लोक त्याच जागी पुन्हा आले असावेत. ही ओढ सिद्ध करण्यास फुलाची गरज पडत नाही.

याच गुहेतील वनस्पतींची दुसरी एक साक्ष आहे. ती फुलाइतकी सुंदर नाही, म्हणून तिचा फारसा गाजावाजा झाला नाही. शानिदारच्या तिसऱ्या सांगाड्याच्या दातांवर जमलेले कीटण २०११ साली तपासले गेले. त्यात रानटी सातूच्या जातीच्या गवताच्या बियांचे पिष्टकण होते, आणि त्यांतील काही शिजविल्याशिवाय तसे बदलत नाहीत. पुढे लिव्हरपूल विद्यापीठातील जेरेन काबुकजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली गुहेतील जळालेल्या अन्नाच्या कणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे कण काही मिलिमीटरांचे. पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतील पेशी स्पष्ट दिसतात. मसूर, वाटाणा, लाख ही ज्या कुळातली, त्याच कुळातील रानटी कडधान्ये भिजवून, कुटून मग शिजविली जात असल्याच्या खुणा त्यांत मिळाल्या. सुमारे सत्तर हजार वर्षांपूर्वीच्या थरातही हे सापडले. रानटी कडधान्य कडू असते. भिजविल्याने आणि कुटल्याने त्याचा कडूपणा कमी होतो.

कोकणातल्या घरात आदल्या दिवशी कडवे वाल भिजत घातले जातात, मोड आणून सोलले जातात, आणि मग त्यांचे बिरडे होते. हे ज्ञान पुस्तकातले नव्हे. आजीने आईला आणि आईने मुलीला दिलेले. कडू ते खाण्याजोगे करण्याची अशीच विद्या झाग्रोसच्या गुहेत निअँडरथल बायामाणसांना अवगत होती आणि तीही अशीच एका पिढीने दुसरीच्या हाती दिली असली पाहिजे, हे जळक्या कणांवरून दिसते. दाणा जळाला, म्हणजे त्या दिवशी स्वयंपाक बिघडला असेल; परंतु त्या बिघडलेल्या स्वयंपाकानेच तो मानव आपल्याला अधिक जवळचा करून दिला.

राल्फ सोलेकी २०१९ साली, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी निवर्तले. त्यांच्या फुलांचा सिद्धांत आज डळमळीत झाला आहे, हे खरे. पण त्यांनी मूठभर माती राखून ठेवली, बिळांची नोंद लपवून न ठेवता लिहून ठेवली, म्हणूनच त्यांच्या निष्कर्षाची तपासणी पुढच्या पिढीला करता आली. आल्बुन्योलच्या गुहेत जे विखुरले गेले त्याविषयी असा प्रश्नच आता विचारता येत नाही. चूक दुरुस्त होण्यासाठीही पुरावा जपलेला असावा लागतो.

त्या हात नसलेल्या, अर्धवट आंधळ्या, बहिऱ्या माणसाला ज्यांनी चाळिशीपर्यंत खाऊ घातले, त्यांनी त्याच्या देहावर फुले वाहिली की नाही, हे कदाचित कधीच कळणार नाही. मृताला फूल वाहणे ही मोठी गोष्ट खरी. जिवंतपणी त्याच्यासाठी कडू दाणा भिजत घालणे ही त्याहून मोठी. आणि त्या दाण्याची साक्ष आजही गुहेच्या मातीत शिल्लक आहे.